कोरडी खोली

या, असे जवळ सरका. मागं खांबाला टेकून बसलेत त्यांनीही पुढं या, सतरंजी पुरेल. ही गोष्ट लांबून ऐकण्यासारखी नाही. कीर्तनाला बसता तसे बसा, मांडी घालून, फोन खिशात टाकून. आज तुम्हाला पाण्याच्या थेंबानं पेटणाऱ्या धातूची कथा सांगणार आहे, आणि त्या धातूच्याही आधी पेटणाऱ्या एका माणसाची. तिच्यात मारामारी आहे, रक्त आहे, भाजलेली माणसं आहेत. ऐकताना काळीज कळवळेल. कळवळू द्या, भगवंतानं ते दुसऱ्या कशासाठी दिलेलं नाही.

रणजित मुळीक हा विट्याकडच्या मुलखातला गलाईवाला. तिकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या देशभर पांगलेली. कुठल्याही शहराच्या सराफकट्ट्यात जा, एखाद्या अंधाऱ्या गाळ्यात मुशीत जुनं सोनं वितळवत बसलेला माणूस या मातीतला निघतो. रणजितची उमेद तमिळनाडूत सेलमला भट्टीपुढं गेली. वडील लवकर वारले, तेव्हा धाकट्या सुजितला त्यानंच वाढवलं. रणजित अंगानं आडवा, फाटक्या तोंडाचा, आणि हात तोंडाच्या आधी चालायचा. सुजित अगदी उलटा. गावातल्या कीर्तनात पेटी वाजवायचा. बुवांचा श्वास संपला की याचा सूर अलगद पुढं होऊन त्यांना सावरायचा. रणजितला त्यातलं ओ का ठो कळत नसे, पण भाऊ वाजवतोय म्हटल्यावर तो पहिल्या रांगेत बसून डोळे पुसायचा, आणि मागं कुणी कुजबुजलं तर वळून म्हणायचा, "गप ऐक की रं. का देऊ एक ठेवून?"

त्या सुजितच्या यकृतात गाठ निघाली.

गाठ मोठ्या रक्तवाहिनीला बिलगून बसलेली. कापायला जावं तर वाहिनी फुटणार. पुण्या-मुंबईच्या डॉक्टरांनी मान हलवली. पण त्याच साली तालुक्याच्या आरोग्यधाम दवाखान्यात एक नवी सुई आली होती. लोक तिला 'पाऱ्याची सुई' म्हणत.

डॉक्टर इरावती कुलगुडे यांनी दोघा भावांपुढं एक काचेची कुपी धरली. आत तेल, आणि तेलाखाली चांदीसारखा लकलकणारा गोळा, कुपी कलली की इकडून तिकडं पळणारा.

"पाराच हाय की," रणजित म्हणाला.

"दिसतो तसा, पण पारा नाही. सोडियम आणि पोटॅशियम. एक आपल्या मिठात असतो, एक केळ्यात."

"मंग केळं मीठ लावून खाल्लं तर?"

सुजित हसला. डॉक्टरही हसल्या. "मिठात असतात तेव्हा दोघंही सज्जन असतात, कारण त्यांना सोबती मिळालेला असतो. एकटा धातू मात्र सोबत्यासाठी वेडा होतो. पाणी दिसलं की त्याच्यावर झडप घालतो. पाणी फुटतं, त्यातून हायड्रोजन वायू निघतो, प्रचंड उष्णता निघते, आणि मागं उरतो तो जहाल खार. हे दोन धातू वेगवेगळे असले की लोण्यासारखे घट्ट असतात, पण ठरावीक मापात एकत्र केले की पातळ होतात. म्हणजे सुईतून जातात. आता सांगा, गाठीत काय असतं?"

"मांस?"

"मांसात मुख्य काय असतं? पाणी. आम्ही पोटातून बारीक सुई थेट गाठीत घालतो. मोहरीहून लहान थेंब सोडतो. तो थेंब गाठीतल्याच पाण्यानं पेटतो आणि गाठ आतून जाळतो. निघालेला वायू सुईतली दुसरी नळी शोषून घेते. मग पुढचा थेंब. शेवटी सौम्य आम्ल सोडून उरलेला खार मारायचा. ते आम्ल जाईपर्यंत मात्र सुई केसभरही हलता कामा नये. हलली, किंवा खार तसाच राहिला, तर तो शेजारच्या वाहिनीत उतरेल. मग मी काही करू शकत नाही."

रणजितनं पुढं वाकून ती कुपी निरखली. मग म्हणाला, "म्हंजे पोटात मूस पेटवायची. बाई, मला कळलं. सेलमला एका पोरानं ओली वीट मुशीत टाकली हुती. सोनं छताला जाऊन चिकटलं आन्‌ हा माझा कान..." त्यानं आक्रसलेला उजवा कान दाखवला. "पाण्याची आन्‌ तापल्या धातूची गाठ घालू ने, येवढं बापानं शिकवलंय."

"मग तुम्हाला आमची कोरडी खोली आवडेल," डॉक्टर म्हणाल्या.

ही कोरडी खोली म्हणजे त्या सुईचं ऑपरेशन थिएटर. तिथं नळ नाही, हात धुवायचं बाहेर, हवेतला दमटपणासुद्धा यंत्र शोषून घेतं. बाहेरचं दार, मग एक लहानसा बोळ, मग आतलं दार. बोळात पोलादी चौकटीचं काचेचं कपाट, आणि त्यात त्या दिवसासाठी लागणाऱ्या कुप्या तेलात बुडवून ठेवलेल्या. शेजारी कोरड्या वाळूच्या बादल्या.

या खोलीची धनीण डॉक्टर नव्हे, मार्था सिस्टर. मार्था सॅम्युएल सातपुते, मूळची मिरजेची. तिच्या आईनंही दवाखान्यातच जन्म काढला. बुटकी, जाडसर, गळ्यात बारीकसा क्रूस, आणि जिभेवर साखर-मिरची दोन्ही. सुजितला तपासायला आली तेव्हा म्हणाली, "काय वाजवता म्हणं तुम्ही? पेटी? मंग बरे झालात की नाताळाला चर्चमध्ये या. आमचा पेटीवाला सूर सोडून सगळं वाजवतो."

ठरल्या दिवशी सकाळी सगळे दवाखान्यात आले. आई आली, तिला सगळं गाव आक्का म्हणे. रणजितचा मेहुणा ऋतुराज आला, पांढरा कडक शर्ट, मागं चार-पाच पोरं. हा ऋतुराज कुठल्याशा संघटनेचा तालुकाप्रमुख, आणि दवाखान्यात 'प्रकरण' करणं हा त्याचा आवडता धंदा. सुजितला ढकलगाडीवरून आत नेताना आक्कानं त्याच्या कपाळावर अंगारा लावला. रणजित म्हणाला, "भिऊ नगंस. म्या हितंच हाय दाराला." सुजित म्हणाला, "दादा, कुणाला मारू नकोस तेवढं." सगळे हसले.

आता इथून पुढं नीट कान द्या, कारण पुढचा सगळा अनर्थ एका दोऱ्यानं केला.

आपल्याकडं पुरुषाच्या कमरेला करदोटा असतो. जुना झाला तर आधी नवा बांधायचा, मग जुना काढायचा. कंबर क्षणभरही मोकळी ठेवायची नाही. करदोटा तुटतो तो एकदाच. माणूस गेल्यावर, चितेवर ठेवताना. आक्कानं सुजितच्या करदोट्यात तांब्याचा ताईत ओवला होता. आत घेतल्यावर मार्थानं पाहिलं, भीतीच्या घामानं तो दोरा चिंब झाला होता. कोरड्या खोलीत ओला दोरा चालत नाही. तिनं तो कात्रीनं कापला, कपड्यांबरोबर पिशवीत टाकला, आणि पिशवी बोळाबाहेर ठेवली. नियमाप्रमाणं पिशवी कुलपात जायची. पण त्या आठवड्यात नवीन लागलेल्या एका मावशीला बाहेर डोळ्याला पदर लावून बसलेली म्हातारी दिसली, तिला दया आली, आणि ती पिशवी तिनं आक्काच्या मांडीवर ठेवली. "आज्जी, हे घ्या तुमच्या पोराचं," म्हणाली आणि कामाला निघून गेली. दयेपोटीच केलं हो बिचारीनं.

आक्कानं पिशवी उघडली. शर्ट. पायजमा. त्याखाली कापलेला करदोटा, ताईतासकट.

त्या माउलीनं जी किंकाळी फोडली, ती ऐकून औषधाच्या दुकानापुढची रांग मोडली. "माझ्या लेकाचा करदोटा तोडला गं बाई! माझा सुजित..." आणि ती बाकावरून खाली कोसळली.

रणजितनं तो दोरा हातात घेतला. कापलेलं टोक बघितलं. त्याच वेळी बाहेरचं दार क्षणभर उघडून कुणी आत गेलं, आणि जळक्या मांसाचा बारीकसा वास बोळातून बाहेर आला. तो वास त्याला ठाऊक होता. बापाला त्यानंच अग्नी दिला होता.

"गेला," ऋतुराज त्याच्या कानाशी म्हणाला. "दाजी, गेलाय त्यो. आता आत ठेवून बिल फुगवत्यात. म्या दहा प्रकरणं बघितल्यात असली."

रणजितनं दारावर मूठ हाणली. "दार उघडा!"

भिंतीवरच्या स्पीकरमधून मार्थाचा आवाज आला. "दादा, सुजित ठीक आहेत. सुई आत आहे. थोडा वेळ थांबा."

"मेल्याला ठीक म्हंती व्हय गं?"

तेवढ्यात एक तरुण डॉक्टर धावत आला. हातातल्या टॅबचा पडदा रणजितपुढं धरून तो धापा टाकत म्हणाला, "हे बघा काका, आतलं चित्र. हे त्यांचे ठोके. छाती हलतेय, बघा ना."

खरंच हलत होती. पण त्या काळात पडद्यावरचं कोण खरं मानत होतं? बनावट चित्र इतकं हुबेहूब निघायचं की कोर्टानंही नियम केला होता, नुसत्या पडद्यावर भिस्त ठेवायची नाही, जिवंत साक्षीदार हवा. ऋतुराज खदाखदा हसला. "माझा आजा कवाच गेलाय. दर दिवाळीला फोनवर मला आशीर्वाद देतोय. जाकीट घालून! आन्‌ हा आम्हाला छाती दावतोय!"

त्यानं त्या डॉक्टरच्या हातातला टॅब हिसकावला आणि त्याच्याच तोंडावर फोडला.

पहिलं रक्त निघेपर्यंत माणसांचा जमाव असतो. रक्त दिसलं की त्याचं जनावर होतं. ऋतुराजच्या पोरांनी त्या तरुण डॉक्टरला खाली पाडलं आणि बुटांनी तुडवायला सुरुवात केली. तो पोटाशी गुडघे घेऊन "आई, आई" करत होता, आणि प्रत्येक लाथेला त्याचं डोकं फरशीवर आपटत होतं. म्हातारा पहारेकरी आडवा आला, तर रणजितनं त्याच्याच हातातली काठी ओढून त्याच्या जबड्यावर घातली. दात फरशीवर सांडले. खुर्च्या उडाल्या, खिडकीची काच आत-बाहेर दोन्हीकडं पडली. सलाईनची लोखंडी दांडी कुणीतरी रणजितच्या हातात दिली. बाहेर बाजाराचा दिवस. बातमी वाऱ्यावर गेली आणि मुळिकांना ज्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं तेसुद्धा वीट घेऊन पळत आले. वर्षानुवर्षं कुठल्या ना कुठल्या दवाखान्यानं ज्यांना ताटकळत ठेवलं होतं, त्या सगळ्यांचा राग त्या एका दारावर येऊन आदळला. खोटं कशाला बोला, त्या रागात काही खरंही होतं. पण रागाला बघायला डोळे नसतात, नुसतं तोंड असतं.

बाहेरचं दार मोडलं.

बोळात मार्था उभी होती. आवाजावर विश्वास नाही, चित्रावर विश्वास नाही, मग उरलं काय? देह. म्हणून ती देहानं बाहेर आली होती. आतलं दार तिनं ओढून घेतलं, कडी घातली आणि कडीला पाठ लावली. आत डॉक्टर इरावती सुईवर वाकल्या होत्या. गाठ जळून झाली होती. आम्ल सोडायचं काम चालू होतं. आता सुई हलली तर सगळं संपलं, हे त्यांना ठाऊक होतं, आणि मार्थाला ठाऊक होतं.

"दादा," ती म्हणाली. ओरडली नाही. "तो जिवंत आहे."

"करदोटा कशापायी तोडला मंग?" रणजितचा आवाज फाटला होता. त्यानं तो दोरा तिच्या तोंडापुढं नाचवला. "कशापायी? सांग!"

"घामानं भिजला होता. आत ओलं चालत नाही. पण तोडायच्या आधी मी त्याच्या कमरेला पट्टीचा धागा बांधला, दादा. आधी बांधला, मग कापला. मी क्रूस घालत असले म्हणून काय झालं, मिरजेत वाढले मी. तुमच्या आईचं मन मला कळत नाही होय? सुई निघाली की तुम्हीच आत या, स्वतःच्या डोळ्यांनी बघा. तेवढा वेळ द्या मला. मी इथंच आहे, कुठं जात नाही. खोटं निघालं तर माझं डोकं फोडा."

रणजितची दांडी खाली आली.

मागच्या ओळीतल्या माणसांचा श्वास ऐकू येत होता. रणजित तिच्या डोळ्यांत बघत होता, आणि तिच्या डोळ्यांत लबाडी नव्हती. जन्मभर सोन्यातलं हिणकस ओळखलेला माणूस तो.

"काय दाजी?" मागून ऋतुराजचा आवाज आला. "बाई दोन शबुद गोड बोलली की झालं? भाऊ मेलाय तुमचा. बांगड्या आणू का?"

कुणीतरी हसलं.

एवढंच. त्या एका हसण्यानं रणजितची दांडी पुन्हा वर गेली. बाईला मारायचं त्याच्या मनात नव्हतं. त्यानं ती शेजारच्या कपाटावर हाणली, दहशत बसावी म्हणून. "उघड, न्हाईतर..."

काच फुटली. तेलाचं भांडं कलंडलं. कुप्या फरशीवर पडून फुटल्या आणि चांदीचे थेंब तेलाबरोबर चहूकडं पळाले. हवेतल्या दमटपणानंच त्यांना जांभळट ज्वाळा फुटल्या. मग तेलानं पेट घेतला.

मार्था क्षणात खाली वाकली. वाळूची बादली उचलून तिनं आगीवर ओतली, दुसरी ओतली. ज्वाळा दबली. आणखी एक बादली पडती तर सगळं थंड झालं असतं.

पण घाबरलेल्या ऋतुराजला बाहेर बाकाशेजारी पिण्याच्या पाण्याचा जार दिसला. तो खांद्यावर घेऊन तो आत धावला. रणजितनं ते पाहिलं. "पाणी नको! ऋतू, पाणी नको रं!" तो जिवाच्या आकांतानं ओरडला. पण ज्या माणसानं स्वतः कुणाचं ऐकलं नाही, त्याचं आता कोण ऐकणार? जार फुटला. पाण्याचा लोट वाळूवरून वाहत त्या चांदीपर्यंत पोहोचला.

गिरणीचा बॉयलर फुटावा तसा आवाज झाला. पांढरा उजेड, आणि मग काहीच दिसेना. जळता धातू आणि उकळता खार भिंतीवर, छतावर, माणसांवर उडाला. ऋतुराजच्या पोरांपैकी एक जण दोन्ही हातांनी डोळे दाबून गुरासारखा हंबरत होता. ते डोळे पुढं कधी उघडले नाहीत. पळणाऱ्यांनी पडलेल्यांना तुडवलं. ऋतुराज सगळ्यांच्या आधी पळाला.

आतलं दार मात्र उघडलं नाही. कारण स्फोट आणि दार यांच्या मध्ये मार्था होती.

रणजित रांगत तिच्यापाशी गेला. तिच्या छातीवर, हातांवर, मानेवर ते थेंब अजून जळत होते. कुणीतरी तोंडाशी तांब्या आणला तर तिनं मान हलवली. "पाणी नको... आधी कोरड्यानं पूस... मग तेल..." मरणाच्या दारातही ती शिकवत होती बघा. रणजितनं शर्ट फाडून काढला आणि तिच्या अंगावरची ती चांदी पुसू लागला. शर्ट जळाला, तेव्हा उघड्या हातांनी पुसली. बोटांचं मांस निघून आलं, तरी तो थांबला नाही.

आत दिवे विझून पुन्हा लागले. डॉक्टर इरावतींचा खांदा थरथरला, पण मनगट थरथरलं नाही. आम्लाचा शेवटचा थेंब गेला, मगच त्यांनी सुई बाहेर काढली. सुजितच्या कमरेला पट्टीचा पांढरा धागा होता.

रणजित आणि मार्था दोघांनाही जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात, भाजलेल्यांच्या विभागात ठेवलं. मध्ये नुसता एक पडदा. रणजितचे दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले. पडद्यापलीकडं मार्थाचा नवरा सॅम्युएल हळू आवाजात स्तोत्र वाचायचा. रणजितला शब्द कळायचे नाहीत, पण चाल कळायची. कीर्तनात बुवा थकल्यावर ज्या सुरात नाम घेतात, तोच तो सूर. देवाचं दार एकच आहे, बाबांनो. आपण पायऱ्या निरनिराळ्या बांधल्या.

एका दुपारी पलीकडून मार्थाचा घोगरा आवाज आला. "त्यांचा भाऊ?"

अलीकडून रणजितनंच उत्तर दिलं. "उठलाय, शिस्टर. च्या मागतोय."

"साखर... कमी घाला म्हणावं," ती म्हणाली. आणि हसल्यासारखा काहीतरी आवाज झाला.

दुसऱ्या दिवशी पडदा सरकवला तेव्हा पलीकडची गादी गुंडाळलेली होती.

मग ऋतुराज आला. बरोबर काळ्या कोटातला वकील. "दाजी, पोलीसबाई येत्यात जबाब घ्यायला. सरळ सांगायचं. कपाटाला शिस्टरचा धक्का लागला. करदोटाबी तिनंच तोडलेला, त्यो तर पुरावाच हाय. आमची सगळी पोरं तसंच सांगणार हायती."

"कॅमेरा व्हता तिथं."

"पडद्यावरचं एकट्यानं कोर्टात चालत नाही," वकील गोड बोलला. "जिवंत साक्ष लागते. आणि समोरून बघितलेला जिवंत माणूस तुम्ही एकटे. त्या बाई तर गेल्या. त्यांना आता काय फरक पडतो?"

"आन्‌ सुईचं काय व्हईल?"

"कर्मचाऱ्याच्या हलगर्जीनं स्फोट झाला असं ठरलं, तर परवाना जाईल. ते दवाखान्याचं ते बघतील."

पायाशी आक्का बसली होती. चाकाच्या खुर्चीत सुजित होता, पिवळा, वाळलेला, पण जिवंत. त्याच्या यकृताच्या दुसऱ्या टोकाला एक बारीक गाठ अजून होती. तिच्यासाठी तीच सुई पुन्हा लागणार होती. आक्का म्हणाली, "लेकरा, एकाला देवानं परत दिला. दुसऱ्याला तुरुंगात घालू नगंस. त्यो म्हंतोय तसं म्हन. मेलेल्या माणसाला काय लागतंय का?"

आईच ती. तिचा काय दोष? तिला दोन्ही लेकरं घरात हवी होती.

रणजितनं भावाकडं बघितलं. सुजितनं सल्ला दिला नाही. एवढंच विचारलं, "दादा, दारात तिनं तुला काय सांगितलं होतं?"

उत्तर येण्याआधी पोलीसबाई आत आल्या. त्यांनी खुर्ची ओढली. वकील पुढं सरसावला तसा रणजित म्हणाला, "तुम्ही भाईर व्हा. ऋतू, तूबी."

"दाजी, डोकं फिरलंय का? धा वर्सं आत जाल!"

"भाईर."

ते गेले. रणजितनं बांधलेले हात मांडीवर ठेवले आणि सांगायला लागला. पहाऱ्याच्या म्हाताऱ्याचे दात म्या पाडले. दार म्या मोडलं. कपाट म्या फोडलं, या हातांनी. पाणी ऋतुराजनं टाकलं, पण त्याला तिथवर आणला म्या.

पोलीसबाईंनी विचारलं, "सिस्टरनी तुम्हाला काही सांगितलं नाही का? भाऊ जिवंत आहे म्हणून?"

"सांगितलं."

"मग तुमचा विश्वास बसला नाही?"

इथं तो 'न्हाई' म्हणाला असता तर अर्धी शिक्षा वाचली असती, असं पुढं वकील सांगत फिरला. गैरसमजातून घडलं, असं कोर्टानं मानलं असतं.

"बसला हुता," रणजित म्हणाला. "बाई, मला पटलं हुतं. तिच्या डोळ्यांत बघितलं तवाच कळलं, सुजित जित्ता हाय. माघारी फिरायचं हुतं. पर मागं कुनीतरी हसलं. त्या हसण्याच्या लाजंपायी म्या दांडी उचलली. शिस्टर खरं बोलली, आन्‌ ती खरं बोलतीया हे ठावं असून म्या तिला मारली. असंच लिवा. ह्यातला एक शबुद बदलू नगा."

आक्कानं पदर तोंडात कोंबला. सुजितनं खुर्ची पुढं घेतली आणि भावाच्या दंडावर, जिथं पट्टी संपून कातडी सुरू होत होती तिथं, कपाळ टेकलं.

रणजित तुरुंगात गेला. सुई चालू राहिली. सुजितची दुसरी गाठ त्याच कोरड्या खोलीत जळाली, आणि त्यानंतर आपल्या तालुक्यातल्या कितीतरी घरांत विझू लागलेले दिवे तिनं पुन्हा लावले. त्यातला एखादा तुमच्याही घरी असेल.

तर आता उठायच्या आधी माझं एक मागणं आहे, बाप्पांनो. आपलं माणूस कधी बंद दाराआड असेल, जीव कासावीस झाला असेल, मागून कुणी हसत असेल, आणि दारात उभी असलेली एखादी बाई "थोडं थांबा" म्हणत असेल, तेव्हा क्षणभर डोळे मिटा आणि मार्था सॅम्युएल सातपुते यांची आठवण करा.